कोरड्या खोलीतला लाल ठिपका

१

ज्या खोलीत पाण्याचा एक थेंबही नेण्याची कोणाला परवानगी नव्हती, त्या खोलीत मंगळवारी दुपारी साडेतीन वाजता एक फोन पाण्याने मेला. निदान तो दुरुस्त करणारी बाई तसे म्हणत होती. फोनच्या मालकीणबाईंचे म्हणणे असे की, तो उष्णतेने मेला आणि दुरुस्तीवालीने तीनच दिवसांपूर्वी बसवलेल्या बॅटरीने त्याला मारले. दोघींचे म्हणणे एकाच वेळी खरे असणे शक्य नव्हते. मात्र जी चुकीची ठरेल तिला मोजावी लागणारी किंमत सारखी नव्हती. मालकीणबाई चुकल्या तर त्यांना नवा फोन घ्यावा लागणार होता. दुरुस्तीवाली चुकली तर तिला अकरा वर्षांचे दुकान सोडावे लागणार होते.

मालकीणबाईंना सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणत. त्यांचा चॉकलेट बनवण्याचा छोटा कारखाना होता, आणि त्याच इमारतीचा रस्त्याकडेचा गाळा त्यांनी दुरुस्तीवालीला दिलेला होता. दुरुस्तीवालीच्या उजव्या हातात जागेपणी सदैव एक बारीक चिमटा असे, म्हणून तिचे नाव चिमटाताई पडले होते. मोठ्या बाईंच्या कारखान्यात प्रत्येक गोष्ट तळहाताएवढ्या चिठ्ठीवर लिहिण्याची शिस्त होती. त्यामुळे गाळा सोडण्याची सूचनाही तशाच चिठ्ठीवर, लाल पेन्सिलीने लिहून शटरला चिकटवलेली होती: ‘गाळा १. रिकामा: शुक्रवार, सायं. ६.’

बुधवारी दुपारी ती चिठ्ठी वाचून पाराकाका नेहमीच्या स्टुलावर येऊन बसले. शीतगृहांतले आणि दवाखान्यांतले तापमापक तपासण्याच्या नोकरीत त्यांची सदतीस वर्षे गेली होती, आणि निवृत्तीनंतर त्यांची प्रत्येक दुपार याच स्टुलावर जात असे. त्यांचा स्वतःचा पारा कधी चढलेला कोणी पाहिला नव्हता. वाद घालायला मात्र ते कोणत्याही तापमानाला तयार असत.

“काका, तुम्हीच बघा,” चिमटाताईने उघडा फोन भिंगाखाली सरकवला. “बॅटरी जशीच्या तशी आहे. फुगलेली नाही, जळलेली नाही. जळलंय ते चार्जिंगचं भोक. आणि त्याच्या आत हा ठिपका. कोरडा असतो तेव्हा पांढरा, पाणी लागलं की लाल. कंपनीच लावते तो.”

“लाल आहे, मान्य. शनिवारी पांढरा होता हे कोण म्हणतं?”

“मी म्हणते!”

“तू आरोपी आहेस. तुझं म्हणणं सोडून काही असेल तर दाखव.”

तिने स्वतःच्या फोनवरचे छायाचित्र दाखवले. उघडलेला फोन पुन्हा मिटवण्यापूर्वी त्याच्या आतल्या भागाचे छायाचित्र घेण्याचा तिचा नेम होता. ठिपका पांढरा होता.

“हा त्याच फोनचा फोटो कशावरून?”

“तुम्ही माझ्या बाजूचे आहात की त्यांच्या?”

“मी बाजू घेत नाही. बाजू घेतली की माप चुकतं.” काकांनी चष्मा पुसला. “फोटो राहू दे. शनिवारपासून मंगळवारपर्यंत तो फोन किती वेळा चार्जिंगला लागला असेल?”

“दिवसातून दोनदा तरी. दिवसभर ऑर्डरी घेतात त्याच्यावर.”

“आणि भोकात पाणी असताना वीज सोडली तर?”

“तासा-दोन तासांत जळणार.” बोलता बोलता तिचा चिमटा हवेत थांबला. “म्हणजे शनिवारी माझ्याकडे ओला झाला असता तर शनिवारीच गेला असता!”

“हे ठीक. यात तुझ्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही. पाणी लागलं ते मंगळवारीच. आता फक्त कुठे, एवढंच सांग.”

“तीच तर पंचाईत आहे, काका. मंगळवारी फोन जळाला तो त्यांच्या चॉकलेटच्या ओतकामाच्या खोलीत. आणि त्या खोलीत पाणीच नाही.”

२

चिमटाताईच्या या वाक्यात अतिशयोक्ती नव्हती. वितळलेल्या चॉकलेटमध्ये चमचाभर पाणी पडले तरी सबंध घाणा आवळून दगडासारखा होतो; त्यामुळे ओतकामाच्या खोलीत नळ नव्हता, मोरी नव्हती, प्यायच्या पाण्याची बाटलीसुद्धा नव्हती. हात धुवायचे ते अंगणापलीकडे, आणि कोरड्या पंच्याने तीनदा पुसून आत यायचे. खोलीत एक लांब दगडी ओटा, साच्यांची मांडणी, खिडकीखाली मोठ्या बाईंचे मेज आणि मेजाला लागूनच पुरुषभर उंचीचे थंड कपाट होते. या कपाटात ताटे निववली जात. आत जाणाऱ्या प्रत्येक ताटाची चिठ्ठी असे. ताट बाहेर आले की चिठ्ठी मेजावरच्या उभ्या खिळ्यात खोचली जाई.

गुरुवारी सकाळी पाराकाका तिथे पोहोचले तेव्हा मोठ्या बाईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली, पण स्वतः उभ्याच राहिल्या.

“तुम्ही तिची वकिली करायला आलात.”

“नाही. तापमान तपासायला आलो. सवय जात नाही.”

“मग ऐका. शनिवारी फोन तापतो म्हणून तिच्याकडे दिला. तिने बॅटरी बदलली. मंगळवारी परत तापला आणि साडेतीनला धूर आला. दोनशे खोक्यांच्या ऑर्डरीचा होकार यायचा होता त्यावर. सरळ हिशेब आहे.”

“मंगळवारी फोन कोणाकोणाच्या हातात होता?”

“दुपारी लेकीकडे, मग जावयाकडे. दीड वाजता जावयाने मला दिला तेव्हा हात भाजत होता. मी गार केला आणि मेजावरच्या चार्जिंगच्या स्टँडवर लावला. मग तो जळाला. मी प्रत्येकाला खडसावून विचारलं, फोनला पाणी कोणी लावलं? एकानेही लावलेलं नाही. माझी माणसं खोटं बोलत नाहीत.”

“आणि तो लाल ठिपका?”

“तिच्या टेबलावर कसल्या कसल्या औषधांच्या बाटल्या असतात. लावला असेल एखादा थेंब. स्वतःला वाचवायला माणूस काय करत नाही?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर हाताशी असलेल्या माणसाची शांती होती, आणि राग शमवता येतो तशी ही शांती हलवता येत नाही, हे काकांना अनुभवाने ठाऊक होते.

“मंगळवारी ही खोली अशीच गार होती?” त्यांनी विचारले.

“नाही. गारव्याचं यंत्र दुरुस्तीला उघडलं होतं, बारा ते तीन. खिडक्या सताड उघड्या टाकल्या होत्या. ओतकाम बंद ठेवलं. सगळे घामाने निथळत होतो.”

काका खुर्चीतून उठले. “घामाने,” ते स्वतःशीच म्हणाले, आणि लगेच मान हलवून त्यांनी तो विचार टाकून दिला. घामाच्या हातांनी फोन जळत असते, तर जगात एकही फोन उरला नसता.

३

लेक वड्यांवर नक्षी काढायची आणि छायाचित्रेही घ्यायची. आईसमोर तिने एक शब्द काढला नाही. अंगणात आल्यावर मात्र तिला धीर धरवेना.

“काका, आईला सांगू नका. सव्वाबारा ते एक मी फोटो काढत होते, खिडकीच्या कट्ट्यावर, भर उन्हात. प्रकाश चांगला होता हो! कव्हरही काढलं नव्हतं, ते जाड रबराचं. शेवटी पडद्यावर आलंच, फोन फार तापलाय म्हणून.”

“मग?”

“मग मी ह्यांना दिला.”

“म्हणजे तापलेला फोन तू थंड न करता नवऱ्याला देऊन टाकलास.”

“त्यांना घाईचा व्हिडिओ कॉल करायचा होता. आणि मी म्हटलं, तापलाय तर त्यांच्या हातात तापू दे.” ती हसली, आणि आपण हसलो हे लक्षात येताच तिने पदराने तोंड झाकले.

जावई खोक्यांच्या बांधणीच्या खोलीत भेटला. तो ऑर्डरी घ्यायचा आणि पाठवायचा. पुढच्या गाळ्यात काचेची विक्रीखिडकी काढावी असे त्याच्या मनात वर्षभर घोळत होते, ही गोष्ट गल्लीतल्या कोणापासून लपलेली नव्हती. काकांनी तिथूनच सुरुवात केली.

“शनिवारी गाळा मोकळा होईल. खिडकीचं माप घेतलंत की नाही?”

जावयाचा चेहरा पडला. “घेतलं होतं. महिन्यापूर्वी. म्हणून काय मी फोन बुडवला?”

“तुम्ही काय केलंत ते सांगा.”

“एक ते दीड गिऱ्हाइकाला खोकी दाखवली, व्हिडिओवर. फोन चार टक्क्यांवर होता, म्हणून तार लावूनच बोललो. हात दुखला तेव्हा ह्या फोमच्या तुकड्यांवर टेकवला.”

“फोम म्हणजे फोनला गोधडीच.”

“माहीत आहे! शनिवारी चिमटाताईंनी चार गोष्टी बजावल्या होत्या: चार्ज होताना वापरू नका, उन्हात ठेवू नका, मऊ गोष्टीवर ठेवू नका, तापलाच तर तार आणि कव्हर काढून, बंद करून सावलीत ठेवा. मी हो हो म्हटलं.”

“आणि घरी येऊन कोणाला सांगितलंत?”

जावई फोमचे तुकडे नीट रचू लागला.

“तापलेला फोन सासूबाईंच्या हातात देताना काय म्हणालात?”

“म्हटलं, होकार कधीही येईल, तार काढू नका, फोन बंद करू नका. तेवढंच.” तो थोडा थांबला. “काका, मी फोन तापवला, कबूल आहे. पण पाणी नाही लावलं. माझ्याकडे पाणी नव्हतं हो.”

काकांचा त्याच्यावर विश्वास बसला, आणि नेमकी तीच अडचण होऊन बसली. लेकीने फोन तापवला, जावयाने आणखी तापवला. पण तापलेला फोन सहसा स्वतःच मंद होतो, बंद पडतो आणि निवला की पुन्हा चालू लागतो. उष्णतेने त्याच्यातला ठिपका लाल होत नाही. दोन आरोपींनी गुन्हा कबूल केला होता, आणि तो गुन्हा झालेलाच नव्हता.

बाहेर पडताना त्यांनी सहज विचारले, “थंड कपाटाच्या चिठ्ठ्या तुम्हीही लिहिता का?”

“मी? तिथे प्रत्येकाची पेन्सिल ठरलेली आहे, ताट बिघडलं तर कोणाला धरायचं ते कळावं म्हणून. उस्तादांची निळी, हिची हिरवी, सासूबाईंची लाल. मला दिलेलीच नाही. सात वर्षं झाली लग्नाला.”

४

उस्ताद म्हणजे कारखान्यातले सर्वांत जुने कारागीर. तीस वर्षे त्यांनी त्या थंड कपाटाची राखण केली होती. कपाटाच्या दारावर तासातासाला आतले तापमान लिहिण्याचा तक्ता होता. पाराकाकांनी तो वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जुन्या दिवसांची ओळख उमटली.

“मंगळवार. बारा वाजता सहा अंश. एकला सहा. दोनला सहा. तीनला सहा.”

“सहाच असतं,” उस्ताद म्हणाले.

“बाहेर उकाडा, खिडक्या उघड्या, आणि कपाट अर्ध्या अंशानेही हललं नाही. सदतीस वर्षांत मी असे तक्ते पुष्कळ पाहिले, उस्ताद. ज्या तक्त्यात काहीच घडत नाही, तो लिहिणारा तिथे नसतो.”

उस्तादांनी पंच्याने हात पुसले. हात कोरडेच होते.

“ओतकाम नव्हतं. अंगणात सावलीला जरा आडवा झालो. एक ते अडीच. वय झालं.”

“आणि तीन वाजता कपाट उघडलंत तेव्हा?”

उस्तादांनी ओट्याखाली वाकून कापडाने झाकलेले एक ताट ओढून काढले. त्यात चोवीस वड्या होत्या. दाराकडच्या दोन ओळींवर करडा, निस्तेज थर आलेला होता. मागच्या ओळी आरशासारख्या चमकत होत्या.

“बाईंना दाखवलं नाही,” त्यांचा आवाज खाली गेला. “बारा वाजता दार मीच लावलं होतं. नीट बसलं नसेल. तीस वर्षांत पहिल्यांदा.”

काकांनी एका वडीवर बोट फिरवले. थर तुपकट नव्हता. बोटाला रव्यासारखा खरखरीत लागत होता.

“हे कशाने होतं?”

“कोकोचं लोणी वर आलं तर थर मऊ असतो, बोटाने पुसला जातो. हा खरखरीत. म्हणजे वडीवर पाणी बसलं, साखर विरघळली, पुन्हा वाळली.” उस्तादांनी मान वर केली. “हे पाण्याचंच काम.”

“बंद कपाटात?”

“दार फटीएवढं उघडं राहिलं तर बाहेरची दमट हवा आत शिरते ना.”

“तुम्ही बारा वाजता दार लावलंत. त्यानंतर ताट आत ठेवलंत?”

“एकही नाही. ओतकाम बंद होतं म्हटलं ना.”

“एका ताटात वड्या किती?”

“चोवीस. कमी नाही, जास्त नाही.”

“कधी एकच वडी निववता?”

उस्तादांना हसू आले. “एका वडीसाठी कोण दार उघडेल, साहेब?”

काका मेजाकडे वळले. फोनची तार अजून स्टँडवर होती. ती त्यांनी उचलली आणि बोटांमधून हळूहळू सरकवली. टोकापासून वीतभर अंतरावर तार दाबली जाऊन चपटी झाली होती, आणि त्या चपट्या जागी दोन्ही अंगांना बारीक आडव्या रेषा उमटल्या होत्या. कपाटाच्या दाराच्या रबरी पट्टीवर तशाच रेषा होत्या.

मग त्यांनी खिळ्यावरच्या चिठ्ठ्या चाळल्या. मंगळवारच्या चिठ्ठ्यांपाशी आल्यावर त्यांचा हात थांबला. एक चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली, आणि काढून न घेता जिथल्या तिथे राहू दिली.

“उस्ताद, दार तुम्ही नीट लावलं होतंत,” ते म्हणाले. “आज रात्री स्वस्थ झोपा. दुपारी मात्र नको.”

५

शुक्रवारी पाच वाजता सगळे ओतकामाच्या खोलीत जमले. चिमटाताई दाराशी उभी होती. तिने हत्यारांची पेटी आधीच भरून ठेवली होती. मोठ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिले.

“तासाभरात उरकणार असेल तर बोला.”

“एवढा वेळ लागणार नाही,” पाराकाका म्हणाले. “एकेक गोष्ट घेतो. जी पटणार नाही, तिथे मला अडवा. पहिली: पाणी चिमटाताईच्या टेबलावर लागलेलं नाही. ओला फोन चार्जिंगवर तीन दिवस काढत नाही.”

“ठिपका तिने नंतर लाल केला असेल,” बाई म्हणाल्या.

“ठिपका करता येईल. पण जळालेलं भोक? तो धूर तुमच्या डोळ्यांदेखत, तुमच्या मेजावर निघाला. आणि भोक नुसत्या बॅटरीने असं जळत नाही. बॅटरी बिघडली असती तर आधी तीच फुगली असती. ती तशीच आहे, तुम्ही हातात घेऊन पाहा.”

बाईंनी बॅटरी हातात घेतली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि खाली ठेवली. “पुढे.”

“दुसरी: उन्हाने आणि व्हिडिओने फोन तापला.” लेकीने आणि जावयाने एकाच वेळी खाली पाहिले. “पण उष्णतेने ठिपका लाल होत नाही. म्हणजे पाणी आलंच. तिसरी: या खोलीत नळ नाही, बाटली नाही, आणि कोणी पाणी आणलेलं नाही. तुमची माणसं खोटं बोलत नाहीत, हे मीही मान्य करतो.”

“मग पाणी काय आभाळातून पडलं?”

“जवळपास तसंच. उस्ताद, ताट.”

उस्तादांनी ताट ओट्यावर ठेवले. मोठ्या बाईंनी एक वडी उचलली, अंगठ्याने चोळली, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. “हे मंगळवारचं? मला कोणी दाखवलं नाही.”

“घाबरले होते. रागवायचं ते नंतर रागवा. त्या दुपारी कपाटाचं दार काही वेळ पुरतं मिटलं नव्हतं, एवढं ह्या दोन ओळी सांगतात. का मिटलं नव्हतं, ते ही तार सांगते.” त्यांनी तारेची चपटी जागा दाराच्या पट्टीवर धरली. रेषा रेषांवर बसल्या. “दारात तार अडकली होती. तारेच्या एका टोकाला भिंत होती. दुसऱ्या टोकाला काय होतं, ते आता सांगायला नको.”

जावई हलक्या आवाजात म्हणाला, “फोन? कपाटात?”

“मोठ्या बाई, एक विनंती आहे,” काका म्हणाले. “नव्या माणसाला पहिल्या दिवशी तुम्ही जो धडा देता, तो मला द्या.”

“आत्ता?”

“आत्ताच.”

बाईंनी वडी खाली ठेवली. हा धडा त्यांनी चाळीस वर्षांत इतक्या जणांना दिला होता की, तो सांगताना त्यांना विचार करावा लागत नसे.

“कामातली गरम वस्तू ओट्यावर रेंगाळू द्यायची नाही. थंड कपाटात ठेवायची, चिठ्ठी लावायची. बाहेर काढलेली वस्तू लगेच उघडी ठेवायची नाही, कोरड्या कापडात गुंडाळून अर्धा तास थांबायचं. कारण बाहेरच्या हवेत पाणी असतं, ते डोळ्याला दिसत नाही. थंड वस्तू मिळाली की ते तिच्यावर येऊन बसतं. जितका उकाडा जास्त, तितकं जास्त बसतं. वरून पुसलं तरी फटीत, खाचेत, आतल्या अंगाला ते राहतंच, आणि मग…”

त्या थांबल्या.

त्यांची नजर ताटावरून तारेकडे आणि तारेवरून स्टँडकडे गेली. मग कोणी काही सांगण्याची वाट न पाहता त्या मेजाशी गेल्या आणि खिळ्यावरच्या चिठ्ठ्या एकेक करून वर काढू लागल्या. मंगळवारच्या एका चिठ्ठीशी त्यांचा हात थांबला. ती घेऊन त्या परत आल्या आणि त्यांनी ती ताटाशेजारी ठेवली. अक्षरे लाल होती: ‘१ नग. आत १:४०. बाहेर २:२०.’

“चिठ्ठीसुद्धा लावली,” त्या म्हणाल्या. “फोनला.”

“आई!” लेक म्हणाली.

“गप्प बस. तार काढू नका म्हणाला म्हणून तारेसकट ठेवला. काढल्यावर ओलसर लागला, तो पदराने पुसला आणि लगेच स्टँडवर लावला. ताट असतं तर अर्धा तास गुंडाळून ठेवलं असतं.” त्या काकांकडे वळल्या. “पण मी लपवलेलं नाही. गार केला, असं तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.”

“सांगितलं होतंत. कशात गार केला, ते मी विचारलं नाही. मी तापमापकवाला, आणि तेवढंच विचारायचं राहिलं. ती चूक माझी.”

“बाकीची?”

काकांनी तार परत स्टँडवर ठेवली. याचे उत्तर देणे त्यांचे काम नव्हते.

मोठ्या बाई चिमटाताईसमोर जाऊन उभ्या राहिल्या. क्षमा मागताना त्यांना कोणी पाहिले नव्हते, आणि आता त्या ती कशी मागतात हे पाहताना बाकीच्या चौघांनाही नजर कुठे ठेवावी ते कळेना.

“मी सगळ्यांना विचारत राहिले, पाणी कोणी लावलं,” त्या म्हणाल्या. “स्वतःला विचारलं नाही. चूक माझ्या रंगाची आहे.”

चिमटाताईने पेटी खाली ठेवली. चिमटा अजून हातात होता. “बाई, माझंही थोडं चुकलं. चार गोष्टी सांगितल्या, पण फोन थंड कपाटात ठेवू नका, हे सांगितलं नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही.”

“तुझ्या कशाला येईल? तुझ्याकडे कुठे आहे थंड कपाट?” बाईंनी मेजाचा खण ओढला, आतून टोक न केलेली पिवळी पेन्सिल काढली आणि जावयापुढे धरली. “ही सांगते ते लिहा. सगळं लिहा, हो हो म्हणू नका. आणि स्टँडवर लावा.”

जावयाने पेन्सिल घेतली. ती कोणत्या रंगाची आहे हे त्याने दोनदा पाहिले. चिमटाताई सांगू लागली: तापला तर आधी तार काढायची, मग कव्हर, मग बंद करून सावलीत कडक, कोरड्या जागी ठेवायचा, पंख्याची हवा चालेल, बर्फ नाही, कपाट नाही, घाई नाही. “आणि होकाराची वाट बघायची असेल,” ती म्हणाली, “तर दुसऱ्या फोनवर बघा.”

सहाला दहा मिनिटे असताना मोठ्या बाई एकट्याच बाहेर गेल्या. शटरवरची चिठ्ठी त्यांनी कोपऱ्यापासून सावकाश सोडवली, फाटू न देता. आत येऊन त्यांनी लाल पेन्सिल उचलली, ‘शुक्रवार, सायं. ६’ वर एक सरळ रेघ ओढली, आणि बाहेर काढलेल्या प्रत्येक ताटाची चिठ्ठी जिथे जाते, तिथे, खिळ्यावर ती खोचून टाकली.